परळच्या फुटपाथवर

चि. सुमेध,

लोअर परळला नोकरी लागल्याचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला. खोली, डबा, लोकलची गर्दी हे सगळं तू सावकाश कळवशीलच. आज लिहायचंय ते तुझ्या ऑफिसपासून फार लांब नसलेल्या एका फुटपाथबद्दल.

टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळला अगदी शेजारी-शेजारी आहेत. टाटा २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, थेट ईशान्येकडून कॅन्सरचे रुग्ण तिथे येतात. हे दुखणं एका फेरीत आटपत नाही. केमो, मग रक्ताची तपासणी, पेशी वाढेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा केमो. दर वेळी गावी जाऊन येणं परवडत नाही, मुंबईत खोली घेणं तर त्याहून नाही. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत कितीतरी कुटुंबं फुटपाथवरच ताडपत्री अंथरतात. सोबत एक गाठोडं, स्टोव्ह आणि प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेली फाईल.

या रस्त्यावर देणारे हात कमी नाहीत, जेवण वाटणारे येतच असतात. पण केमोने ज्याचं तोंड आलंय, त्याच्या घशाखाली तिखट पुलाव उतरत नाही. ज्याच्या पांढऱ्या पेशी घटल्यात, त्याला बाहेरची कापलेली फळं डॉक्टरांनी बंद केलेली असतात. देणारा मनापासून देतो, घेणाऱ्याला नाही म्हणवत नाही आणि द्रोण तसाच बाजूला पडून राहतो. म्हणून देण्याआधी विचारावं. खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारावं. मोडकीतोडकी हिंदीही चालते.

विचारलं की भलत्याच गरजा पुढे येतात. नवरा तपासणीला आत गेलाय, बाईला बाथरूमला जायचंय, पण सामान कोणाच्या भरवशावर टाकणार? गावी पोरं फोनची वाट बघतायत आणि मोबाइल बंद पडलाय. फॉर्म इंग्रजीत आहे. औषधाच्या रांगेत उभं राहायला माणूस हवंय, कारण आजाऱ्याला एकटं सोडवत नाही. कोणी अर्धा तास सामानापाशी बसलं तरी त्या बाईचा दिवस सुकर होतो. मला तर हे जेवणाच्या पाकिटापेक्षाही मोलाचं वाटतं.

नेमकी माहिती देणं ही तर फार मोठी मदत आहे आणि नेमकी तीच फार थोडे लोक करतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, आणि हेच कित्येकांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलेली ती योजना २००६ पासून लागू आहे. रुग्णाला समाजसेवा विभागाच्या खिडकीपर्यंत नेऊन सोडणारा माणूस त्याचे हजारो रुपये वाचवू शकतो.

फुटपाथवर राहावं लागणाऱ्यांची नड गाडगेबाबांना नेमकी कळली होती. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. परक्या गावात आलेल्या गरिबाला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी स्वतः वणवण करून जाणलं होतं. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, पण त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही राहतात. एखाद्या रविवारी तिथे जाऊन ये. काय कमी आहे ते व्यवस्थापकांना विचार आणि तेवढंच घेऊन जा. रुग्णांचे फोटो मात्र काढू नकोस. केस गळालेल्या पोराचा चेहरा आपल्या मोबाइलमध्ये कशाला हवा?

आता तुझ्यासारख्या धडधाकट पोराने करायचं एक काम सांगते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लेटलेट्स पुन:पुन्हा लागतात. शिबिरात जमवलेल्या रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे नेत्याच्या वाढदिवसाचं मोठं शिबिर पुढच्या आठवड्यात प्लेटलेट्स लागणाऱ्या रुग्णाच्या कामी येत नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात मुंबईकर गावी जातात, तेव्हा तर फारच ओढाताण होते. म्हणून अधल्यामधल्या मंगळवारी, बुधवारी येणारा दाता लागतो. मशीन एका हातातून रक्त घेतं, प्लेटलेट्स वेगळ्या करतं आणि उरलेलं रक्त अंगात परत सोडतं. साधारण तास-दीड तास जातो.

पहिल्या पगाराची वाट बघत बसू नकोस. आधी रक्तपेढीत जाऊन नाव आणि रक्तगट नोंदव. वजन ५० किलोच्या वर लागतं, तुझं आहेच. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतलेली चालत नाही. ओळखपत्र बरोबर ठेव आणि उपाशीपोटी जाऊ नकोस. तुझी रात्री जागायची सवय मला ठाऊक आहे, तेव्हा आदल्या रात्री नीट झोप. बोलावणं आलं की ऑफिसात आधी सांगून ठेव.

तुझी
सुमनमावशी