चिंधी आणि साचा

मुलांनो, शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी चिंध्यांचा ढीग पडलेला तुम्ही पाहिला असेल. कोणी त्याला केर म्हणेल. परंतु ज्याला पारख आहे व ज्याच्या हाती सुई आहे, त्याला त्यात गोधडी दिसते.

आपल्याकडील गोधडी, जिला काही भागांत वाकळ म्हणतात, ती अशीच तयार होते. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरावीत, वर चिंध्या मांडाव्यात आणि धावदोऱ्याने सारे पदर एकजीव करावेत, ही तिची रीत. येथे चिंधीला ठरावीक आकार लागत नाही. लांबट चिंधी लांबटच राहते. जेथे उणे पडेल तेथे दुसरी येऊन बसते. त्यामुळे वाया फारसे काही जात नाही.

दुसरी रीत आखीव नक्षीची. चौकोनाला चौकोन तंतोतंत भिडावा, असे वाटत असेल, तर सर्व तुकडे सारखेच कापावे लागतात. कात्रीने हे साधणे कठीण. एका ओळीत २० तुकडे असले आणि प्रत्येक तुकडा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढला, तर ती ओळ अडीच इंच लांब होते व शेजारच्या ओळीशी जुळत नाही.

हा दोष टाळण्यासाठी साच्याचे यंत्र वापरतात. एका फळीत चौकोनाच्या किंवा त्रिकोणाच्या आकारात पोलादी पाती बसविलेली असतात, हाच साचा. त्यावर सुती कापडाचे काही पदर पसरतात, वर प्लॅस्टिकची पाटी ठेवतात आणि उसाच्या चरकाप्रमाणे हे सारे दोन रुळांमधून काढतात. दाबाने सर्व तुकडे एकाच मापाचे निघतात. प्रत्येक बाजूला पाव इंच कापड शिवणीत जाते. म्हणून अडीच इंचांचा चौकोन शिवल्यावर दोन इंचांचा दिसतो.

परंतु यंत्र वेगवान असले, तरी काटकसरी नसते. तीन इंच बाजूच्या चौरस चिंधीतून अडीच इंचांचा चौकोन कापला, तर नऊ चौरस इंचांपैकी पावणेतीन चौरस इंच कापड बाजूला पडते. म्हणून जाणता कारागीर आधी चिंध्या निवडतो. मोठीतून मोठा चौकोन काढतो, लहानीतून त्रिकोण काढतो आणि बारीक कातरण उशीत भरतो. कापडाचा धागा चौकोनाच्या बाजूला समांतर ठेवतो. कारण तिरपे कापलेले कापड ताणते व आकार बिघडतो.

साचा तुकडा मापात कापील; पण कोणत्या चिंधीतून काय काढावे, हे तो सांगणार नाही. तो विचार रूळ फिरण्यापूर्वीच करावा लागतो. कापलेले कापड पुन्हा जोडता येते, अखंड मात्र होत नाही.

स्वाध्याय

१. गोधडीच्या दोन रीतींतील फरक सांगा.
२. शिवल्यावर दोन इंचांचे दिसणारे चौकोन वापरून ६० इंच लांब व ४० इंच रुंद गोधडी करावयाची आहे. किती चौकोन लागतील?
३. 'यंत्र वेगवान असले, तरी काटकसरी नसते', असे लेखक का म्हणतो?