टीव्हीची पाठ आधी बघा

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस पडदा किती इंची, चित्र किती झळझळीत, हप्ता किती बसतो एवढं विचारतो आणि खरेदी करून मोकळा होतो. टीव्ही वळवून त्याची पाठ बघणारं गिऱ्हाईक विरळाच. घरात जुना ॲम्प्लिफायर आणि चांगले स्पीकर असतील, तर खरी चौकशी पाठीचीच करायला हवी. आमच्याकडे टीव्ही भिंतीवर चढल्यानंतर हा विषय निघाला आणि पुढे बराच घोळ झाला. तो इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आमच्या दिवाणखान्यात वडिलांनी १९८०च्या दशकात हौसेने घेतलेला स्टीरिओ ॲम्प्लिफायर आहे आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर. आजही ठणठणीत वाजतात. नवा टीव्ही आल्यावर आई म्हणू लागली, मालिकेतलं संगीत कानावर आदळतं, पण माणसं काय बोलतात ते समजत नाही. अनेक घरांत अशा वेळी आईवडिलांच्या कानांना दोष दिला जातो. तो देण्याआधी टीव्हीकडे बघा. बोटभर जाडीच्या टीव्हीत स्पीकर इवलेसे असतात आणि बहुतेकदा त्यांचं तोंड खाली किंवा मागे असतं. शब्द आपल्यापर्यंत सरळ येतच नाहीत, भिंतीवर आपटून येतात. समोर तोंड असलेला जुना स्पीकर लावला की तीच मालिका नीट ऐकू येते.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला मी ॲम्प्लिफायर जोडून द्यायला सांगितलं. टीव्हीच्या मागे लाल-पांढरी भोकं दिसल्याबरोबर त्याने वायर तिथे खुपसली. आवाज आला नाही. ‘‘काका, तुमची सिस्टीम गेलीय, साउंडबार घेऊन टाका,’’ असं सांगून तो गेला. सिस्टीमला काहीही झालं नव्हतं. त्या भोकांशेजारी बारीक अक्षरात ‘एव्ही इन’ लिहिलेलं होतं, म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडायची ती जागा. तिथून आवाज आत जातो, बाहेर येत नाही. रंग जुळला म्हणून जोडणी जुळली असं होत नाही. चालू स्थितीतल्या कितीतरी सिस्टीम एवढ्याशा कारणाने भंगारात जात असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वायरीने आवाज बाहेर पडण्याच्या मुख्य वाटा तीन: हेडफोनचं भोक, ऑप्टिकल आउट आणि ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय. तिन्ही प्रत्येक टीव्हीला असतीलच असं नाही. जुन्या ॲम्प्लिफायरच्या बाजूने मात्र काम सोपं आहे. ‘ऑक्स’, ‘टेप’, ‘ट्यूनर’ किंवा ‘सीडी’ लिहिलेलं, आवाज आत घेणारं कुठलंही भोक चालतं. ‘फोनो’ला हात लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं आणि तो कित्येक पटींनी वाढवतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज तिथे फाटतो. काही जुन्या सेटना लाल-पांढऱ्याऐवजी पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. त्याला डिन म्हणतात आणि त्याची तयार वायर मिळते.

आम्ही आधी हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची पिन ॲम्प्लिफायरला जोडली. आवाज आला, पण त्याच्याखाली सतत हूंऽऽ अशी घुमघुम. टीव्ही गप्प असतानाही ती चालूच. इथे शेजारच्या वायरमनने जो उपाय सुचवला, त्यासाठीच खरं तर हा लेख. ‘‘ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, घुमघुम जाईल,’’ असं तो सहज म्हणाला. घुमघुम खरंच जाते, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण ती पिन अर्थिंगची आहे. आत कधी वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते. पिन काढली की ती वाट बंद होते आणि बटण फिरवणाऱ्या हातातून वीज जाऊ शकते. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या बाबतीत हा धोका कुणीही पत्करू नये. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं.

घुमघुमीचं मूळ शोधायला सोपी युक्ती आहे. सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर क्षणभर काढा. घुमघुम थांबली, तर दोष तुमच्या ॲम्प्लिफायरचा नाही. केबलचं आवरण एकीकडे जमिनीला जोडलेलं, ॲम्प्लिफायरची अर्थिंग दुसरीकडे, आणि मधल्या वायरीमुळे त्यांचं एक वेटोळं तयार होतं. आपल्या विजेची ५० हर्ट्‌झची कंपनं त्यातून स्पीकरपर्यंत पोचतात. हे वेटोळं तोडायला ऑप्टिकल वायर उत्तम, कारण तिच्यातून वीज जात नाही, लाल प्रकाश जातो. तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक टोपणं असतात. ती आधी काढा आणि वायर करकचून दुमडू नका.

जुन्या ॲम्प्लिफायरला हा प्रकाश कळत नाही. मध्ये डॅक नावाची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी लागते. ती एका बाजूने ऑप्टिकल घेते आणि दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या भोकांतून साधा आवाज देते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. डबीसोबत यूएसबीची वायर येते आणि ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचायचा मोह होतो. तसं केलं की टीव्ही आणि ॲम्प्लिफायर विजेने पुन्हा जोडले जातात आणि हाकलून दिलेली घुमघुम परत येते. डबीला मोबाइलचा वेगळा चार्जर द्या.

सगळं जोडल्यावर बातम्या खणखणीत ऐकू आल्या, पण चित्रपटांची एक एचडी वाहिनी लावली तर चिडीचूप. डबी बिघडली म्हणून ती परत करायला निघणारे बरेच असतात. अडचण टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते. काही वाहिन्या आणि ओटीटीवरचे चित्रपट डॉल्बीत आवाज पाठवतात आणि टीव्ही तो जसाच्या तसा पुढे ढकलतो. स्वस्त डबीला डॉल्बी उमगत नाही, तिला फक्त पीसीएम, म्हणजे साधा न दाबलेला डिजिटल आवाज कळतो. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘डिजिटल आउटपुट’ शोधा आणि ‘ऑटो’ऐवजी ‘पीसीएम’ निवडा. आमची वाहिनी त्याच क्षणी बोलू लागली. तुमच्याकडे मात्र पाच स्पीकर आणि वूफरवाला, ऑप्टिकल इनपुट असलेला होम थिएटर असेल, तर पीसीएम करू नका. ऑप्टिकलमधून पीसीएमचे दोनच चॅनेल जातात, ५.१चा आवाज हवा असेल तर डॉल्बीच लागतं.

टीव्हीला ऑप्टिकल नसेल, तर एआरसीतून आवाज काढणारी डबी घ्यावी लागते. साधा एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टर दिसायला तसाच असतो, पण इथे निरुपयोगी ठरतो. डबीवर ‘एआरसी’ लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. ब्लूटूथचा पर्याय गाण्यांना ठीक. बोलपटाला नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करायलाही विसरू नका, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. कुठलीही वायर काढताना-लावताना ॲम्प्लिफायर बंद हवा आणि आवाजाचं बटण शून्यावर. स्पीकरच्या वायरी टीव्हीच्या कुठल्याही भोकात जाता कामा नयेत.

एक गैरसोय उरते. ऑप्टिकलने जोडल्यावर बऱ्याच टीव्हींच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, ॲम्प्लिफायरचं बटण फिरवायला उठावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जड जातं. रिमोटवर चालणारा डॅक मिळतो, ज्येष्ठांच्या घरी थोडे पैसे जास्त देऊन तोच घ्यावा. आणि जोडून झालं की लगेच निघून जाऊ नका. आधी काय चालू करायचं, नंतर काय, हे आईवडिलांच्या हातून एकदा करून घ्या आणि ॲम्प्लिफायरवर ‘टीव्ही’ अशी ठळक मराठी चिठ्ठी चिकटवून द्या.