डबा घेण्याआधी भिंत बघ

पोरी, सौसरचं घर स्लॅबपर्यंत आलं आणि आता वायफायचं काय करायचं विचारतेस. तिकडे पांढुर्ण्याच्या जुन्या घरात तुझ्या भावालाही तेच बसवायचंय. दोघांची घरं वेगळी आहेत, म्हणून दोघांना एकच डबा सुचवणार नाही. पण एक गोष्ट दोघांनाही सांगतो. हातात तीन हजार रुपये असतील तर ते आधी तारेला, मग बॅटरीला आणि उरले तर राउटरला घाल. बहुतेक लोक उलटं करतात. नागपूरला जातात, सीताबर्डीवरून सहा अँटेनांचा डबा उचलून आणतात आणि स्वयंपाकघरात व्हिडिओ अडकला की कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

सुरुवातीला तर काहीच विकत घेऊ नको. फायबरचं कनेक्शन देताना केबलवाला स्वतःचा एक डबा लावून जातो, त्याला ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश तो आपल्या कामाच्या सिग्नलमध्ये बदलतो, आणि हल्ली बहुतेक ओएनटीत वायफाय असतंच. दोन-तीन खोल्यांना ते पुष्कळदा पुरतं. डबा भाड्याचा आहे की अनामत रकमेवर, आणि सिंगल बँड आहे की ड्युअल बँड, एवढं विचार आणि पावतीवर लिहून घे. मग महिनाभर वापर. कुठे अडतं ते कळल्यावर खर्चाचं बोलू.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलं हळू, पण लांब जातं आणि भिंतीतून बऱ्यापैकी निघतं. दुसरं वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. पांढुर्ण्याचं घर तुझ्या आजोबांच्या वेळचं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर कवेलू. तिथे ५ गिगाहर्ट्झ माजघराच्या पलीकडे जायची आशा कमी. तुझ्याकडे विटांच्या पातळ आडभिंती आहेत, तिथे पुढच्या खोलीत नीट पोचेल.

पण हे माझ्या शब्दावर सोडू नको, स्वतः बघ. दोन फोन पुरेत. दारं बसली की एका फोनचा हॉटस्पॉट चालू कर आणि जिथे राउटर ठेवायचा विचार आहे तिथे तो फोन ठेव. दुसऱ्या फोनमध्ये वायफायची ताकद मोजणारं एखादं फुकट ॲप टाक आणि घरभर फिर. ॲपमधला आकडा उणे असतो. उणे ५० ते उणे ६५ असेल तर उत्तम. उणे ७५ च्याही खाली उतरला तर त्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉल तुटणार. दारं लावून बघ, कारण रात्री ती लावलेलीच असतात. मग हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टी बदल आणि दुसरी फेरी मार. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिही. फोनचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा अशक्तच असतो, तेव्हा इथे भागलं तर राउटरवर भागेलच. मला हा उपाय सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

जागा ठरवताना कुलर विसरू नको. आपल्याकडे उन्हाळाभर खिडकीत पत्र्याचा कुलर असतो आणि आत पाणी भरलेलं. पत्रा आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. हिवाळ्यात सपरीत मिळणारं वायफाय एप्रिलमध्ये गायब होतं, त्याचं कारण बरेचदा हेच. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्यामागेही तीच गत. राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, मोकळ्यात हवा. टिनाखाली तर नकोच, मे महिन्यात तिथे माणूस बसत नाही. फायबरची वायर खिळ्यावरून करकचून वळवू नको, सैल गोल वळण दे, आत काच आहे. आणि ओएनटीवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही असं समज. मग राउटरशी खटपट न करता केबलवाल्याला फोन लाव.

महिनाभराने राउटर लागतोच असं दिसलं, तर ड्युअल बँड घे. नुसता २.४ चा हजाराच्या आसपास येतो, पण शेजारपाजारचे सगळे त्याच पट्टीवर असतात आणि तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पांढुर्ण्याच्या दाटीवाटीच्या गल्लीत हे लगेच जाणवतं. डब्यावर ‘एसी १२००’ छापलेलं दिसेल. २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची ती वर गोल केलेली बेरीज आहे, तीही कागदावरची. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल तर बाहेरून ५०च येणार. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ लागतात, म्हणजे चार माणसांच्या घराला ५० भरपूर. प्लॅन १०० च्या वर न्यायचा असेल तरच गिगाबिट पोर्टला पैसे मोज. वायफाय ६ थोड्या फरकात मिळत असेल तर घे. वायफाय ७ चालणारे फोन घरात नाहीत, त्याच्या नादी लागू नको. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा, कोणताही चालेल. पक्कं जीएसटी बिल मात्र हवंच, त्यावाचून वॉरंटीचं भांडण जिंकता येत नाही. जुन्या बाजारातला डबा बघशील तर आधी पाठ बघ. इंटरनेटची लाईन घ्यायला नुसतं टेलिफोनच्या पिनचं बारकं भोक असेल तर तो एडीएसएलचा, फायबरला बिनकामाचा.

मागच्या खोलीपर्यंत पोचत नसेल तर दुकानदार रिपीटर काढेल. साधा रिपीटर ज्या पट्टीवर ऐकतो त्याच पट्टीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा तार ओढ. तुझं प्लास्टर बाकी आहे, आत्ताच विजेच्या पाइपापासून वेगळा एक रिकामा पाइप प्रत्येक खोलीपर्यंत टाकून घे. नंतर भिंत फोडायला गवंडी लागेल, आज फक्त पाइपाचे पैसे.

कॅट ५ई किंवा कॅट ६ची तार माग आणि दुकानातच ब्लेड माग. आवरण सोललंस की आत चार जोड्या, आठ बारीक तारा निघतील. एक तार नखाने धरून खरवड. आतून पांढरट चमकली तर ते ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. दुकानदार तिला सीसीए म्हणतात, स्वस्त असते आणि चार वेळा वाकवली की तुटते. खरवडूनही तांबूसच राहिली तर घे, शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. गच्चीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची बाहेरची तार घे आणि पाइपातून ने. लोंबती वायर दिसली की माकडं ओढणारच. तारेच्या शेवटी भावाचा पडून असलेला राउटर लाव. त्याचा आयपी पत्ता बदल, डीएचसीपी बंद कर आणि तार लॅनच्या भोकात घाल. मागची खोली फुकटात सुटली.

विजेची लाईन गेली की फायबर चालू असूनही घर बंद पडतं, म्हणून राउटरची छोटी बॅटरी, मिनी यूपीएस, घे. घेताना ओएनटी आणि राउटर दोन्हींच्या तळावरचे आकडे वाचून जा. कोणाला १२ व्होल्ट लागतात, कोणाला ९. ९ च्या डब्याला १२ दिलेस तर जळेल. ॲम्पिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

संत्र्याच्या बगिच्यात कॅमेरा लावायचा असेल तर तिथे सिमचा राउटर लागेल. आधी दोन-तीन कंपन्यांची सिम उसनी घेऊन तिथेच उभं राहून वेग तपास. सौसरच्या चौकातला टॉवर बगिच्यात कामाचा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला पांढुर्ण्याच्या घरी पाहुणे भरतात आणि प्रत्येकाला पासवर्ड हवा असतो. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, भावाला ते वेगळं करून द्यायला सांग. राउटरचा स्वतःचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ज्या फोनवर खसरा आणि बँक चालते तो याच डब्याला जोडलेला आहे.

तांब्याच्या टेलिफोन लाईनवरून पूर्वी आकाशातली वीज थेट घरात उतरायची. काचेच्या तंतूतून ती येत नाही, प्लगमधून आणि गच्चीवरच्या लॅनच्या तारेतून मात्र येते. ढग दाटले की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच दोन्ही काढायचे, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेव.