नागपूरच्या उन्हाळ्यात डोकं थंड ठेवायचं तर

ठाण्याहून नागपूरला येते आहेस, तीही ऐन एप्रिलात, तर कूलर-माठाच्या आधी एक गोष्ट गाठीला बांध. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात घरात जे वाजेल, त्यातलं निम्मं उन्हाचं असतं. नवरा काही लागेल असं बोलला, सासूबाईंनी टोमणा मारला, साहेबांनी झापलं, तर त्या वेळी उत्तर देऊ नकोस. नोकरी सोडायची, घर बदलायचं, माहेरी फोन करून सगळं सांगून टाकायचं, असलं काही दुपारी ठरवायचं नाही. दोन ग्लास ताक पी, तासभर आडवी हो आणि सात वाजल्यानंतर तोच विषय काढ. काढावासा वाटला तर.

हे माझ्याच मनाचं नाही गं. अमेरिकेत फिनिक्स म्हणून आपल्यासारखंच रखरखीत गाव आहे. तिथे अभ्यासकांनी हिरवा दिवा लागल्यावरही गाडी मुद्दाम जागची हलवली नाही, आणि मागचे लोक किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. १९८६ साली ते छापून आलं. पारा चढेल तसे हॉर्न वाढले, आणि काचा खाली करून बसलेल्या बिनाएसीवाल्यांचे सगळ्यात जास्त. मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला उभी राहा, तुला वेगळा अभ्यास वाचायला नको.

तुझी खरी अडचण ठाण्याच्या सवयीची होणार. तिथे घाम अंगावर राहतो, ब्लाउज भिजतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथली हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा उडून जातो आणि तुला वाटतं, आपल्याला घामच येत नाही. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की घाम सुकणं एवढाच मार्ग अंगाला उरतो. रक्त कातडीकडे वळतं, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग काही न करताच माणूस दमतो. त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. पहिले पंधरा दिवस अंग सरावेपर्यंत कामं निम्मीच धर. तहानेवर विसंबू नकोस, लघवीचा रंग बघ. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडलं, आणि मग डोकं दुखणं नि चिडचिड मागोमाग येते.

आकड्यांनीही घाबरून जाऊ नकोस. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं होतं, ते खरं. पण २०२४ च्या मेमध्ये एका यंत्राने ५६ दाखवलं, देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्यानेच यंत्रात बिघाड असल्याचं सांगितलं. आपल्याला नेहमीचे ४४ पुरे आहेत.

आता स्वयंपाकघर. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलते. घरात सगळ्यात जास्त तापते ती गॅससमोरची बाई, कारण ज्योत विझते म्हणून तिथे पंखाही लावता येत नाही. बारा वाजता पोळ्या लाटणारीचा आवाज चढला तर त्यात नवल काय? स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरक. दुपारी गॅस पेटवायचाच नाही: ज्वारीची आंबील, ताक-भात, काकडीची कोशिंबीर, कैरी उकडून गूळ-मीठ-जिरं घातलेलं पन्हं. ज्याला गरम पोळी हवी त्याने स्वतः लाटावी. हे जावईबापूंना माझं नाव घेऊन सांग.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं सगळे सांगतील. मी तरी तो ताटात घेते. खिशातल्या कांद्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडलेले लोक पाहिलेत. जायचंच असेल तर पोटभर पाणी पिऊन, डोक्या-कानांना दुपट्टा बांधून जा.

रात्रीची झोप मात्र औषधासारखी जप. झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं, आणि वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मार, झोपण्याआधी अंघोळ कर. कूलर लावलास की समोरची खिडकी उघडी ठेव. दार-खिडक्या बंद केल्या तर खोली नुसती दमट होते. टाकीत पाणी भरताना आधी प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून चालत नाही. शॉक लागून माणसं गेलीत. आणि आठवड्याला टाकी कोरडी करून घास, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच.

घरात कोणी मनाच्या आजारासाठी लिथियम घेत असेल, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, तर उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेव. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. आणि चिडलेला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो स्वभाव समजू नकोस. ऊन लागलंय. १०८ ला फोन, सावलीत घेऊन अंगावर पाणी आणि वरून पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, मृग लागला की सुटलो असं वाटेल. पण जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचं पाणी काही कामाचं राहत नाही, उलट चिकचिक वाढते आणि तेव्हाच घराघरांत जास्त खटके उडतात. त्या दिवसांत कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालव.