विरजणाला आधी दही लागतं

अगं मने, रात्री दीड वाजता स्क्रीनशॉट आणि खाली रडका चेहरा! मी धसकलेच. उघडून बघते तर पायथनच्या पिपची कुरकुर: ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’. आधी एक खरं सांग, त्यात शेवटी दिलेलं ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ जोडून एंटर मारलंस की नाही? नसशील तर शहाणी आहेस. सिस्टिम मोडा, असं ज्याच्या नावातच लिहिलंय, ते जोडण्याआधी माणसानं पाणी तरी पिऊन यावं.

तुला हसणार नाही, कारण मी याहून मोठा पराक्रम केलाय. 2018 चा एप्रिल. तेव्हा पिपची 10 वी आवृत्ती नुकतीच आली होती. काहीही इन्स्टॉल केलं की पिप खाली सुचवायचं, नवीन आवृत्ती आलीय, मला अपग्रेड करा. मी आज्ञाधारक. सुडो लावून अपग्रेड केलं. पुढच्याच कमांडला उत्तर आलं, ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन’. पिप गेलं. दुसऱ्या दिवशी डेमो होता आणि मी रात्रभर त्या एका ओळीकडे बघत बसले होते.

झालं काय होतं, तर ‘पिप’ टाइप केल्यावर जी चालते ती जेमतेम काही ओळींची स्क्रिप्ट. ती एपीटीनं, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरनं, आणून ठेवलेली. तिचं काम एवढंच की आत जायचं आणि ‘मेन’ला हाक मारायची. दहाव्या आवृत्तीत पिपवाल्यांनी ‘मेन’ उचलून आतल्या खोलीत नेलं, ‘इंटर्नल’ नावाच्या. स्क्रिप्ट जुनी, पिप नवं. ती आपली रिकाम्या खोलीच्या दाराशी हाका मारतेय. चूक दोघांचीही नव्हती गं. एपीटीच्या फडताळात मी पिपला हात घालू दिला, ती माझी. शेवटी ‘पायथन3 डॅश एम पिप’ असं बोलावल्यावर ते मुकाट्यानं उठलं. त्यालाच स्वतःला अनइन्स्टॉल करायला लावलं, तेव्हा एपीटीचं जुनं पिप परत जागेवर दिसलं.

असं घरोघरी व्हायला लागल्यावर मग पाटी लागली. डेबियन 12, म्हणजे 2023 च्या जूनपासून, सिस्टिमच्या पायथनच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. पिप ती बघतं आणि थांबतं. उबुंटूतही तेच. तुला जो निरोप दिसला तो बराचसा त्या फाइलमधलाच, आणि उपायही त्यातच लिहिलाय. पण तू पहिल्या ओळीलाच रडायला बसतेस, लहानपणापासून.

आता तू विचारलंस ते, की पॅकेज इन्स्टॉल करणारं पिप मुळात इन्स्टॉल कोण करतं? प्रश्न छान आहे. विरजणाला आधी दही लागतंच ना? 2008 मध्ये इयन बिकिंगनं पिप काढलं, तेव्हा ते बसवायला आधीचं ‘ईझी इन्स्टॉल’ वापरायचे. ‘गेट-पिप’ नावाची फाइल मिळते, ती कधी उघडून बघ. वर थोडा कोड आणि खाली पानंच्या पानं अगम्य अक्षरं. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा व्हायरसच वाटला! ते म्हणजे अख्खं पिप, झिप करून अक्षरांत कोंबलेलं. फाइल ते तात्पुरतं उलगडते आणि त्याच पिपकडून पिप बसवून घेते. 2014 च्या पायथन 3.4 पासून तर पायथनच आपल्यासोबत विरजण घेऊन येतं, ‘एन्शुअरपिप’ म्हणतात त्याला. आणि पिप शिदोरीही स्वतःची आणतं. रिक्वेस्ट्ससारख्या ज्या लायब्ररी त्याला लागतात त्यांच्या प्रती ‘व्हेंडर’ फोल्डरमध्ये घेऊनच फिरतं. त्या बाहेरच्या वापरल्या आणि एखादी मोडली, तर दुरुस्त करायला पिपच उठणार नाही.

तर आज काय करायचंस. डेबियन-उबुंटूनं ते विरजण काढून वेगळ्या पॅकेजात ठेवलंय. म्हणून आधी एपीटीनं ‘पायथन3-व्हेन्व्ह’ घे, नाहीतर एन्शुअरपिप नाही म्हणून पुन्हा दीड वाजता मेसेज करशील. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन3 डॅश एम व्हेन्व्ह’ आणि पुढे एक नाव. तो तुझा डबा. ॲक्टिव्हेट केलास की आतल्या पिपला काय हवं ते करू दे, सुडो मात्र अजिबात नाही. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ची कुरकुर पुन्हा आली तर समज की तू डब्याबाहेर आहेस.

डबा नासला तर धुत बसू नकोस, फोल्डर उडव आणि नवीन कर. फक्त उडवण्याआधी पीडब्ल्यूडी टाइप करून आपण कुठे उभ्या आहोत ते बघ. का, ते दिवाळीत भेटलीस की सांगते. बाबांसमोर नाही, ते फोटो त्यांच्या लॅपटॉपवरचे होते.