स्टेजवरचा आवाज घरी ठेवा

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या. आता हौस म्हणून श्रुतिका, ऑडिओ नाटकांत काम करावंसं वाटतं. सुरुवात कशी करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एकांकिकेची सवय मोडा. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. इथे ऐकणारा वीतभर अंतरावर असतो. आकाशवाणी मुंबईवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेत नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी संवाद म्हणत नसत, घरात बोलावं तसं बोलत.

सरावाला मोबाइल पुरे. पंखा बंद करून कपड्यांच्या कपाटासमोर बसा, घुमारा कमी होतो. माइक तोंडासमोर न धरता जरा तिरका ठेवा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. ओरडायचं असेल तर मागे सरका, कुजबुज जवळून. कागद पिन न लावता सुटे ठेवा. पानांची सळसळ नेमकी करुण प्रसंगातच ऐकू येते!

समोरच्याचं वाक्य ऐकतानाचा हुंकार, श्वास हाही अभिनयच. बहुतेक हौशी कलाकार इथेच कमी पडतात.

सांगलीत आकाशवाणी केंद्र आहे. नाट्यकलाकारांची आवाजचाचणी कधी आहे, ते तिथेच विचारा. तोवर दोन-तीन मित्रमैत्रिणी जमवून दहा मिनिटांची श्रुतिका रेकॉर्ड करा. नमुना म्हणून पाठवायलाही तीच उपयोगी पडेल.