डोळ्यातले फूल आणि जनुकोपचार

माझ्या आजोबांच्या डाव्या डोळ्यात फूल पडले आहे. ऊस तोडताना पाते लागले, घरगुती उपायांत आठवडा गेला आणि जखम चिघळली. पुढे डॉक्टर म्हणाले, "बुबुळावर रक्तवाहिन्या चढल्या आहेत. नेत्रदानातला पडदा बसवला तरी टिकेलच असे नाही." असे का, हे शोधताना जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

बुबुळापुढील पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. निरोगी स्वच्छमंडलात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच प्रकाश विनाअडथळा आत जातो. परंतु जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की तेथील पेशी 'व्हीईजीएफ' हे प्रथिन अधिक प्रमाणात सोडतात आणि कडेच्या रक्तवाहिन्या आत वाढू लागतात. त्यामुळे पडदा गढूळ होतो. शिवाय रक्ताबरोबर आलेल्या संरक्षक पेशी रोपण केलेला पडदा परका समजून नाकारतात. १९०५ साली एदुआर्द झिर्म यांनी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी रोपण केले; पण ही अडचण आजही आहे.

मग निरोगी डोळा मोकळा कसा राहतो? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उत्तर दिले. व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करणारे दुसरे प्रथिन स्वच्छमंडलातच असते. मॅनेटी या जलचर प्राण्यात ते आढळत नाही आणि त्याच्या स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या असतात!

व्हीईजीएफला रोखणारी औषधे टोचता येतात, परंतु त्यांचा प्रभाव ओसरतो. जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत रक्षक प्रथिनाचे जनुक पेशींत पोहोचवतात, म्हणजे पेशीच ते प्रथिन तयार करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा उपायाने रक्तवाहिन्यांची वाढ रोखली गेली आहे. माणसांसाठी मात्र हा नेहमीचा उपचार झालेला नाही. तरीही ही कविकल्पना नव्हे: दृष्टिपटलाच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकोपचारास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

हे सारे आजोबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे राखण्या उठून गेला की गुरं पिकात शिरत्यात, तसंच की!" मला इतके लिहावे लागले, त्यांनी एका वाक्यात सांगितले.

नवा राखण्या येईल तेव्हा येईल. तोवर डोळ्याला पाते लागले, तर आठवडा घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.